न मोडणारं ब्लेड

तेलगावच्या चौकात शहादेवचं केशकर्तनालय आहे आणि त्यात तीन खुर्च्या आहेत. दोन गिऱ्हाइकांच्या, एक माझी. माझी म्हणजे कागदोपत्री नाही, पण एकोणीस वर्षं बसून बसून मी तिला असं वळण लावलंय, की दुसरं कुणी टेकलं तर ती कुरकुरते. सकाळी पेपर यायच्या आधी मी हजर असतो. पेपरात छापायचं जे राहून गेलेलं असतं, ते मी गावाला सांगतो. लोक म्हणतात, नाना थापा मारतात. म्हणोत. ऐकल्याशिवाय उठत मात्र कुणी नाही.

ही गोष्ट घडली तशीच सांगणार आहे. कुठं वाढवली असेलच, तर तिथं तुम्हाला आपोआप कळेल.

आधी शहादेवच्या हाताचं सांगायला पाहिजे. हात इतका हलका, की दाढीला बसलेला माणूस दुसऱ्या गालापर्यंत जागा राहत नसे. एकदा कापसाच्या ट्रकचा ड्रायव्हर बसला. बसला तो झोपला. उठून बाहेर आला, तेव्हा त्याचा ट्रक दुसराच ड्रायव्हर भरून, पोचवून, रिकामा करून परत घेऊन आला होता. शहादेवच्या बापाचा हात असाच होता म्हणतात, पण साठी उलटल्यावर तो थरथरायला लागला आणि म्हाताऱ्यानं एका दिवसात वस्तारा खाली ठेवला. शहादेवनं ते डोळ्यांनी पाहिलेलं.

आता कामाची रीत. गिऱ्हाईक बसलं, की शहादेव नवं ब्लेड कागदासकट दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर न्यायचा आणि अंगठे दाबायचा. टक. ब्लेडचे उभे दोन तुकडे. एक वस्ताऱ्यात, दुसरा कागदात गुंडाळून त्याच माणसाच्या दुसऱ्या गालाला. ते 'टक' म्हणजे आमच्याकडं वचन. ते ऐकल्याशिवाय तेलगावचा माणूस गळा वर करत नाही. बहिरा तुकाराम तर ब्लेड मोडताना शहादेवच्या मनगटाला हात लावून बसायचा.

ही ब्लेडं यायची शेजारच्या सोमलिंग आप्पांच्या दुकानातून. मोरतुरा छाप, निळा कागद. बावीस वर्षं तीच. पण आप्पांची एक खोड होती. ते एका वेळी एकच पाकीट द्यायचे. जास्त मागितली तर म्हणायचे, "लोखंड हाय, हवा खातं. सरलं की ये." आणि पाकिटाबरोबर अर्धा तास बोलणं द्यायचे. शहादेवला गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं, आप्पांना जावयाचं घर कसं बांधून झालं ते सांगायचं असायचं.

तर गेल्या उन्हाळ्यात आप्पा आठ दिवस लातूरकडं भाचीच्या लग्नाला गेले. दुकान बंद. लग्नसराई भरात, आणि शहादेवचं ब्लेड संपलं. त्यानं मोबाईल काढला. मोबाईलवरच्या बाजारात मोरतुरा छापाची थोरली पेटी होती, निळ्या कागदासकट, आप्पांच्या निम्म्या किमतीत आणि बोलण्याशिवाय. त्यानं बोट दाबलं.

पेटी आली ती आप्पा परत आल्यावर. आणून देणाऱ्या माणसानं गाडी थांबवली ती नेमकी आप्पांच्या दारात, आणि विचारलं कुणाला, तर आप्पांनाच.

"काका, ब्लेडवाले शहादेव कुठं राहतात?"

आप्पांनी पेटी हातात घेऊन वरचं चित्र पाहिलं. मग बोट लांब करून शेजारचं दुकान दाखवलं. तोंडातून शब्द काढला नाही. आप्पांनी बोलायचं टाळलं, हे तेलगावच्या इतिहासात दुसऱ्यांदा घडलं. पहिल्यांदा त्यांच्या अक्कलदाढेचं ऑपरेशन झालं होतं. त्या दिवसापासून आप्पा दाढीला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शहादेवनं नव्या पेटीतलं पहिलं ब्लेड धरलं, अंगठे दाबले. आवाज नाही. आणखी दाबले. ब्लेड वाकलं. सोडलं तर तसंच वाकून राहिलं, देवळापुढं हात जोडून उभ्या माणसासारखं.

"नाना, हे मोडंना की. काऊन बरं?"

मी पेपर खाली केला. आता इथं मी गप्प राहिलो असतो, तर ही गोष्टच झाली नसती. पण सकाळचे साडेआठ वाजलेले, पेपरात काही नव्हतं, आणि समोर चार माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

"मोडायला ते काय खारी हाय?" मी म्हणालो. "जपानी पोलाद हाय ते. कच्चं लोखंड मोडतं. पक्कं वाकतं. जपानात लोक तलवार कमरेला गुंडाळून बाजारला जातात. भाजी घेताना सोडायची, घरी येताना पुन्हा गुंडाळायची."

"पण कागद तर मोरतुऱ्याचाच हाय."

"कंपनी सुधारली बे. तू सुधर."

शहादेव सुधारला. ब्लेड मोडत नाही म्हटल्यावर त्यानं ते कात्रीनं कापायला सुरुवात केली. ज्या ब्लेडला केसाची कात्री कापते, ते ब्लेड केसाला काय कापणार, हा प्रश्न तेलगावात कुणालाच पडला नाही. मला पडला होता. पण उत्तर दिलं असतं तर ते माझ्याच अंगावर आलं असतं.

पुढचे तीन आठवडे काय सांगू. ते ब्लेड गालावर टेकलं की काही केस भिऊन आत जायचे आणि माणूस घरी पोचला की पुन्हा बाहेर यायचे. जे धीट होते ते मुळासकट यायचे. पोस्टमास्तरांच्या गालावर रक्त थांबवायला पेपराचे इतके तुकडे चिकटवावे लागले, की टपाल घ्यायला आलेल्या माणसाला अर्धा अग्रलेख वाचता आला. तुरटीचा खडा आठ दिवसांत झिजून साबुदाण्याएवढा झाला. मग पोरांनी दाढ्या राखायला सुरुवात केली. फॅशन आहे म्हणायचे. फॅशन कसली, जीव प्यारा होता.

माझीही दाढी तोच करायचा. मी खुर्चीचे हात घट्ट धरून जपानचं कौतुक करत असायचो.

शहादेवनं आधी साबण बदलला. मग बोअरचं पाणी सोडून फिल्टरचं आणलं. खुर्ची उजेडाकडं फिरवली. चष्मा केला. आणि हे सगळं करून झाल्यावर एका दुपारी, दुकानात आम्ही दोघंच असताना, त्यानं उजवा हात माझ्यापुढं धरला.

"नाना, हात गेला माझा."

"काय बोलतो बे. शेचाळीसचा तू."

"बाचा साठीला गेलता. माझा आदीच गेला. कळतंय ना मला. वस्तारा टेकवला की पुढं सरकतच न्हाई. मी ढकलतो. बावीस वर्षांत कधी ढकलला न्हवता."

तो अंबाजोगाईला डॉक्टरांना दाखवून आलेला होता. डॉक्टरांनी हात पुढं करायला लावला, बोटांवर कागद ठेवला, आणि कागद हलला नाही. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. शहादेव म्हणाला, "त्यास्नी कागद दिसतो. मला गाल दिसतेत."

मग त्यानं पुढचं सांगितलं. रविवारी सुंदररावांच्या नातवाचं जावळ होतं. सुंदरराव म्हणजे तेलगावचं मोठं घर, उसाचा मोठा बागायतदार, दोनदा सरपंच. त्या घरातल्या पोराचं पहिलं जावळ शहादेवच्याच घरातल्या हातानं काढायचं, ही तीन पिढ्यांची रीत. खुद्द सुंदररावांचं जावळ शहादेवच्या आज्यानं काढलेलं.

"तेवढं काढतो," शहादेव म्हणाला, "आन् वस्तारा ठिवून देतो. पुण्याला भावाच्या सोसायटीत वॉचमनची जागा हाय. त्याला हात लागत न्हाई."

"शहादेव, ब्लेड बदलून बघ की एकदा."

"जपानी सोडून? तुमीच तर सांगितलं, याच्याहून पक्कं न्हाई म्हणून. इतकं चांगलं ब्लेड असून गाल कापतो, मंजी काय ते समजा ना."

आता बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण सत्तर वर्षांत मी बोललेलं कधी मागं घेतलं नव्हतं, त्यामुळं ते कसं घेतात तेच मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "बघू." आणि घरी गेलो. त्या रात्रीचं जेवण काही गोड लागलं नाही.

रविवारी सुंदररावांच्या शेतात, बांधावरच्या सटवाईपुढं मांडव घातला होता. दीडशे माणूस. तिकडं चुलीवर बोकडाची भांडी रटरटत होती, वास असा, की शेजारच्या गावचे कुत्रे नातेवाईक असल्यासारखे येऊन बसले होते. आप्पा माळकऱ्यांच्या बाजूला वेगळे बसले होते, त्यांच्यासाठी पुरणाची पोळी होती. तीन आठवड्यांच्या पांढऱ्या दाढीत ते कुठल्यातरी मठातून आल्यासारखे दिसत होते. पोराचं जावळ उतरल्याशिवाय ताट वाढायचं नाही, आणि जावळ बाराच्या आत उतरायला पाहिजे. साडेदहा वाजलेले.

पोर अकरा महिन्यांचं, मामाच्या मांडीवर. मामा राम, परळीचा, नवी पांढरी पँट घालून आलेला आणि मांडीखाली टॉवेल घ्यायचा विसरलेला. समोर पोराची आत्या पदर पसरून बसलेली, केस झेलायला. शहादेवनं पोराचं डोकं कोमट पाण्यानं भिजवलं. मग निळा कागद काढला, ब्लेड काढलं आणि कात्रीनं उभं कापलं.

पोर त्या चकाकत्या पात्याकडं बघून हसलं आणि धरायला गेलं.

मी जवळच बसलो होतो. त्या डोक्याची कातडी बघितली. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. टाळू अजून भरली नव्हती, तिथं जीव वरखाली होताना दिसत होता. शहादेवचं तोंड घामानं भिजलं होतं. तो ढकलणार होता. तीन आठवडे तो ढकलतच होता.

"थांब, शहादेव," मी म्हणालो. "ते जपानी न्हाई."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मग कुठलं हाय नाना, चंद्रावरचं?" आणि मांडव हसला.

"ते नकली हाय. मी थाप मारली होती. मोरतुऱ्याचं बी न्हाई ते. पत्रा हाय पत्रा."

जास्तच हसले. सुंदरराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "नाना, आज नगं. आज मानसं उपाशी हायेत. जेवल्यावर सांगा, समदे ऐकतेत."

"सुंदरराव, मी खरं सांगतोय."

"ते तर तुमी रोजच सांगता."

पोराची आजी, सत्यभामाबाई, पदर सावरून पुढं आल्या. "नाना, मागल्या साली तुमीच सांगितलं ना, की तुमच्या हिरीतला मासा उसाच्या ट्रॉलीत बसून कारखान्याला गेला म्हनून?"

"मासा गेलता," मी म्हणालो. "पण हे त्याच्याहून खरं हाय."

खरं बोलायची सवय नसली, की ते थापेपेक्षा वाईट वठतं. माझा आवाज चिरकत होता, हात भलतीकडंच हलत होते. थाप मारताना मी कसा ऐटीत बसतो. आता मी अस्सल लबाडासारखा दिसत होतो.

मग दुसरा इलाज नव्हता. पुढं सरकलो, शहादेवपुढं मांडी घातली आणि गळा वर केला. "आदी माझी कर. हितं, समद्यांम्होरं. मग पोराला हात लाव."

चार दिवसांची दाढी होती. शहादेवनं सुंदररावांकडं पाहिलं. सुंदररावांनी घड्याळाकडं पाहिलं आणि मान हलवली. शहादेवनं पाणी लावलं, साबण लावला, डाव्या गालावर वस्तारा टेकवला आणि ओढला. खरवडलेल्या कढईचा येतो तसा आवाज झाला. दुसऱ्यांदा ओढला, तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालातून रक्त. आत्यानं पदर मागं ओढून घेतला. हसू बंद झालं.

मी म्हणालो, "बघा. ब्लेड बघा."

पण बघणारे ब्लेडकडं बघत नव्हते. शहादेवच्या हाताकडं बघत होते, आणि शहादेवही तिकडंच बघत होता. ही गोम माझ्या ध्यानातच आली नव्हती. गाल कापला, एवढंच मी सिद्ध केलं होतं. कुणी कापला ते नाही.

शहादेवनं वस्तारा पुसला आणि सुंदररावांच्या पायांपाशी ठेवला. "दादा, दुसरा मानूस बघा. नाना मला वाचवायला बघतेत. माझा हात गेला. मी ह्या लेकराला लावत न्हाई."

भांड्यांचा रटरटाट तेवढा ऐकू येत होता.

तेव्हा आप्पा उठले. सावकाश आले, खाली पडलेला ब्लेडचा उरलेला अर्धा तुकडा दोन बोटांनी उचलला, आणि विड्याचं पान दुमडावं तसा दुमडला. मग पुन्हा दुमडला. त्या चार पदरी पुडीकडं बघत म्हणाले, "बावीस वर्षं ब्लेड इकतोय मी. ब्लेडची घडी घालता येत न्हाई, शहादेव. हात तुझा न्हाई गेला. अक्कल गेलती."

हे बोलणं आम्हाला इतक्या दिवसांनी ऐकायला मिळालं, की मला माझ्या गालाचा विसर पडला.

"तुमाला ठावं होतं?" शहादेव म्हणाला.

"पेटी हातात आली तवाच. वजनानं कळतंय."

"मग सांगितलं काऊन न्हाई?"

"तू इचारलं न्हाईस," आप्पा म्हणाले. जरा थांबले. "आन् तू माझ्या दारावरनं मुकाट जायला लागला. मला राग आला. मानूस हाय मी बी. पर लेकराचं डोकं आन् तुझा हात, इतका राग न्हवता माझा."

सुंदरराव म्हणाले, "आप्पा, तुमच्या दुकानातलं एक ब्लेड मागवा आता. पावणे अकरा झाले."

"माझ्याकडं न्हाईत. ह्यो घेईना म्हनल्यावर मी कुणासाठी ठिवू? परत धाडली." त्यांनी धोतर आवरलं. "माजलगावला मिळतील. माझी स्कूटर कुठंय?"

आप्पांची स्कूटर इतक्या सावकाश चालते, की एकदा तिच्यावर चिमणीनं घरटं केलं होतं, चालत्या स्कूटरवर. त्या दिवशी मात्र ती धुरळा उडवत गेली. मी स्वतः पाहिलं.

मागं उरलेले आम्ही वाट बघत बसलो. पोर मांडीवर कंटाळलं आणि त्यानं मामाच्या पांढऱ्या पँटीवर आपला निर्णय दिला. रामनं ओली पँट तशीच राहू दिली आणि दुसऱ्या हातानं मोबाईल काढला. म्हणाला, "शहादेवमामा, ती पेटी कुठनं मागवली ते दाखवा. तक्रार करू."

तक्रारीला वस्तूचा फोटो पाहिजे होता. रामनं ब्लेडचा काढला, आणि नुकसान काय झालं त्या रकान्यात माझ्या गालाचा. दोन मिनिटांत उत्तर आलं, की आपण पाठवलेल्या चेहऱ्यावर नुकसान स्पष्ट दिसत नाही, कृपया चांगला नमुना पाठवा. सत्यभामाबाई म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. मूळचाच तसा असंल, त्यास्नी काय ठावं." उपाशी माणसं पुन्हा हसली, पण आता हसणं वेगळं होतं.

मग रामनं खाली लोकांनी लिहिलेलं वाचायला घेतलं. मोठ्यानं. एकानं लिहिलं होतं, पेन्सिलसुद्धा तासली जात नाही. एकानं लिहिलं होतं, गाल गेला, पैसे परत द्या, गाल राहू द्या. एक बाई खूश होत्या. त्यांनी ती ब्लेडं तारेत ओवून खिडकीला टांगली होती, वाऱ्यावर छान वाजतात म्हणे. आणि मग राम जरा थबकला. पुढचं त्यानं हळू वाचलं. परभणीकडच्या कुणा कारागिरानं लिहिलं होतं: "तीस वर्षं दुकान आहे. ही ब्लेडं वापरल्यावर वाटलं माझाच हात गेला. दोन रात्री झोपलो नाही. मग जुनं ब्लेड लावून पाहिलं."

"पुढं?" शहादेवनं विचारलं. "पुढं काय लिव्हलंय?"

"एवढंच हाय."

"परत वाच."

रामनं परत वाचलं. शहादेवनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग त्यानं उजवा हात वर केला, पालथा केला, उताणा केला, जसा काही तो शेजाऱ्यानं उसना नेलेला विळा होता आणि आता परत आला होता, धार तपासून घ्यायची होती.

साडेअकराला पाच कमी असताना आप्पा आले. केसांत धूळ, दाढीत धूळ, शर्टाच्या खिशात दोन पाकिटं. खाली बसायच्या आधी शहादेवच्या हातात एक पाकीट दिलं.

"दुकानदारापुढं एक मोडून बघितलंय मी. तरी तू बघ."

शहादेवनं ब्लेड कागदासकट चिमटीत धरलं. आता ऐका. दीडशे माणूस, पोटात कावळे, मांडवात बायाबापड्या, कडेवर लेकरं. आणि एकही हूं की चूं नाही. आचाऱ्यानं पळी हवेत धरली. कुत्र्यांनी जिभा आत घेतल्या. बहिरा तुकाराम गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं शहादेवच्या मनगटाला हात लावला.

टक.

मी शपथेवर सांगतो, तो आवाज पलीकडच्या रस्त्यावर ऐकू गेला असणार. तुकारामनं दोन्ही हात वर केले, आणि आम्हा सगळ्यांना एकदम श्वास सोडलेला ऐकू आला. मांडवाचं कापड त्यानं फुगलं.

"नाना, दुसरा गाल," शहादेव म्हणाला.

मी उजवा गाल पुढं केला. त्यानं वस्तारा टेकवला. ढकलला नाही. सोडला. मला कळलंही नाही केव्हा वर गेला आणि केव्हा खाली आला. सुंदररावांनी जवळ येऊन माझ्या उजव्या गालावरून अंगठा फिरवला, मग डाव्यावरून, मग पुन्हा उजव्यावरून. "लावा लेकराला," ते म्हणाले.

शहादेवनं रामच्या मांडीवरच्या डोक्यावर पुन्हा कोमट पाणी ओतलं. पातं चालायला लागलं तसं मऊ काळं जावळ आत्याच्या पदरात पडत गेलं, एक बट, दुसरी बट. कानामागं आला, तिथं मी डोळे मिटून घेतले. टाळूवर आला, तेव्हा सत्यभामाबाईंच्या ओठांत सटवाईचं नाव होतं. पोर मात्र आप्पांच्या दाढीकडं बघत बसलं होतं. असली वस्तू त्यानं जवळून पहिल्यांदाच पाहिली असावी.

"झालं," शहादेव म्हणाला. बाराला दहा कमी.

मग ते गोटा झालेलं डोकं बघायला जी झुंबड उडाली. मामानं आत्याकडं दिलं, आत्यानं आजीकडं, आणि तिथून ते पोर मांडवभर फिरलं. ज्याच्या हातात जाई तो तळवा फिरवून ओरखडा शोधे, आणि न सापडल्यावर पुढच्याकडं देई. एरवी एवढ्या हातांत गेलेलं लेकरू भोकाड पसरतं. ह्याला गुदगुल्या होत होत्या. दीडशे तळवे फिरले त्या डोक्यावरून. मध्येच चतुराबाई नावाच्या पावण्या बाईनं "अगं बाई, रक्त" म्हटलं आणि शहादेव होता तिथंच खाली बसला. सत्यभामाबाईंनी पोर ओढून घेतलं, पदराला थुंकी लावून मागचा लाल ठिपका पुसला. "तुझ्याच कपाळाचं कुंकू लागलंय त्याला, चतुरे," त्या म्हणाल्या. "चल, वाढायला घे."

पंगत बसली. शहादेवच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला, मटणाच्या वासाला तोंड फिरवून का होईना, पण आप्पा. ते त्याला जावयाच्या घराचं सांगत होते. तीन आठवडे तुंबलेलं होतं, पायापासून सुरुवात केली. शहादेव "हां आप्पा, हां" करत भाकरी कुस्करत होता. जिना कुठल्या बाजूला घेतला इथपर्यंत ते आले आणि एकाएकी थांबले.

"ऐकतोस का?"

शहादेव ऐकत नव्हता. भाकरीचा घास हातात धरून तो झोपला होता, बसल्या बसल्या, दीडशे माणसांच्या गलक्यात. किती दिवसांची झोप होती कोण जाणे.

आप्पांनी वाढप्याला हातानं थांबवलं. "त्याच्या ताटात रस्सा वतू नगं आत्ता," ते हळूच म्हणाले. "दचकंल." आणि मग, शेवटी कुणीतरी ऐकणारं पाहिजे म्हणून, पुढं वाकून जिन्याचं मला सांगायला लागले.